खालून वाचायचं पान

राजलक्ष्मी भिलारे यांना कोणी ‘आदर्श शिक्षिका’ म्हटलं, तर त्या आधी मागे वळून बघतात, आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय म्हणून. कोपरखैरण्याच्या एका महापालिका शाळेत त्या सव्वीस वर्षं शिकवताहेत. चष्मा कायम कपाळावर, पर्समध्ये गोंदाची बाटली, आणि आवाज असा, की दुसऱ्या मजल्यावरून त्या ‘गप्प बसा’ म्हणाल्या की खाली गेटवरचा वॉचमनही फोनवरचं बोलणं थांबवतो. त्यांचे वडील हौसेराव दाणा मार्केटात माथाडी होते. चाळीस वर्षं पाठीवर गोण्या वाहून त्यांनी मुलीला डी.एड. केलं. आज ती मुलगी माथाड्यांच्या, तुर्भ्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांच्या, भाजीच्या गाड्या लावणाऱ्यांच्या पोरांना शिकवते. यात बाईंना फार मोठं काही वाटत नाही. सलते ती एकच गोष्ट, आणि ती त्या सहसा कोणाला सांगत नाहीत. ज्या बापाने आपल्याला शिकवलं, त्याला काही आपण वाचायला शिकवू शकलो नाही.

प्रयत्न तीनदा झाला. पाटी झाली, अंकलिपी झाली, बाईंचे यजमान रणजीत यांनी मोठ्या अक्षरांचा तक्ता आणून हॉलच्या भिंतीला लावला. हौसेराव ‘क’च्या कमळापर्यंत यायचे आणि म्हणायचे, “कमळ मला काय करायचंय?” शेवटी बाईंनी हात टेकले. आई गेल्यापासून आबा, म्हणजे हौसेराव, त्यांच्याकडेच राहतात. सही करतात, पण ती लिहीत नाहीत, काढतात. एरवी गोणीवर रंगवलेला मार्का दुरून बघून ती कोणत्या पेढीची, हे ते झोपेतही सांगतील. लाल त्रिशूळ, निळा चांद, दोन कोंबडे. अक्षर म्हटलं की मात्र आबा खिडकीबाहेर बघायला लागतात.

आता गेल्या वर्षीची पाचवी ‘ब’. पट चौतीस, आणि त्यातली अकरा पोरं अशी, की धडा वाचायला उठली की वर्गातल्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागायचा. अक्षर ओळखायची, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची. त्यात मोनाली ही पाटण तालुक्यातून ऑगस्टमध्ये आलेली. वडील मार्केटात हमाल. पोरीचं बोट अक्षराखालून सरकायचं, ओठ हलायचे, आवाज मात्र घशातच राहायचा. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, चिक्कीची लालूच दाखवून पाहिली. चिक्की खाल्ली पोरीने, बोलली नाही.

त्याच सुमाराला बाईंची मावसबहीण उज्ज्वला हिने सीवूड्सहून एक खोका पाठवला. तिच्या सोसायटीत साफसफाई निघाली होती आणि लोकांनी मुलांची जुनी पुस्तकं काढून टाकली होती. खोक्यात निघाली आठ ग्राफिक नॉव्हेल. म्हणजे जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं, चौकटीचौकटीतून सांगितलेली अख्खी गोष्ट, माणसं बोलतात ते त्यांच्या तोंडाजवळ फुग्यात लिहिलेलं. भाषा सगळी इंग्रजी. बाईंनी खोका वर्गात ठेवला आणि हजेरीपट आणायला ऑफिसात गेल्या. परत येऊन बघतात तर पाचवी ‘ब’ जमिनीवर पालथी पडलेली, एकेका पुस्तकावर चार-चार डोकी, आणि एका कव्हरचे दोन तुकडे झालेले. त्या चार-चार डोक्यांत ती अकराही होती, आणि मोनाली तर सगळ्यात खाली होती, तिच्या वेणीवर कोणाचा तरी गुडघा होता.

बाईंनी त्या दिवशी कोणाला ओरडायचं, हेच त्यांना सुचेना, म्हणून त्या ओरडल्या नाहीत.

रविवारी त्यांनी रणजीतरावांना सोफ्यावरून उठवलं. स्टेशनरीच्या दुकानातून किमतीची पांढरी लेबलं आणली आणि दोघांनी मिळून एका पुस्तकातले सगळे इंग्रजी फुगे झाकून टाकले. एक म्हातारा दीपगृहवाला आणि त्याचा बोका, अशी ती गोष्ट होती. “आता हे मुके झाले की,” रणजीतराव म्हणाले. “मग, तेच पायजे मला,” बाई म्हणाल्या. “बोलतं पोरं करतील.”

आणि पोरांनी केलं. नियम दोनच. चित्र बघायचं, तो माणूस काय म्हणत असेल ते पेन्सिलीने फुग्यात लिहायचं. पुढच्याने मात्र लिहिलंय तेच वाचायचं, मनातलं नाही. दीपगृहवाला वादळात छपरावरच्या बोक्याला हाका मारतो, त्या फुग्यात आकाशने लिहिलं, ‘खाली ये नायतर तुजं जेवन मी खानार.’ वर्ग हसून लोळला. जे हसले त्यांनी ते वाचलं होतं, हे बाईंच्या ताबडतोब लक्षात आलं. शुद्धलेखनाचं त्यांनी नंतर बघून घेतलं. बोक्याचं जेवण चार वेळा नीट लिहायला लावलं. तीन आठवडे मोनालीचे फुगे कोरेच राहिले. चौथ्या आठवड्यात एका फुग्यात अक्षरं उमटली, ‘थांब.’ बोका समुद्राकडे धावत होता, त्याला म्हातारा म्हणत होता. बाईंनी ते पान वर्गात फिरवलं नाही, पोरीची पाठही थोपटली नाही. त्यांनी नुसता चष्मा पुसला, दोनदा.

मुख्याध्यापक विलास मोकल सर म्हणजे शिरवण्याचे. माणूस सज्जन, पण कागदाला भिणारा. वर्गात कॉमिक वाचतात ही बातमी त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं.

“बाई, जानेवारीत वाचन पडताळणी हाय. शिक्षन विभागाचे कुलथे साहेब येनार. ते इचारतील, पाठ्यपुस्तक कुठं हाय, तं मी काय सांगू, पोरं बोक्याशी बोलतात?”

“सर, धड्याचं रोज वाचन होतंच. हे फक्त आठवड्यातून तीन तास.”

“तीन?” सरांच्या कपाळावर आठी पडली. “हे बघा, मी वाईट मानूस नाय. जानेवारीपरत चालवा. साहेबांना पटलं तं पुढं बघू. नाय पटलं तं खोका कपाटात, कपाटाची चावी माझ्याकडं, आनि रोज श्रुतलेखन.”

बाई “ठीक आहे सर” म्हणून बाहेर आल्या आणि जिन्यात थांबल्या. खोका कपाटात गेला, तर पुस्तकांचं काही बिघडणार नव्हतं. पण मोनालीचा एक शब्द नुकता फुग्यात आला होता. तास बंद पडला, तर तो एकच राहणार होता, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

डिसेंबरात बाईंनी पुढची उडी मारली. दीपगृह कोणी पाहिलं नव्हतं, बोटीत कोणी बसलं नव्हतं. मग आपण आपलीच चित्रगोष्ट करायची, असं ठरलं, आणि पोरांनी एका सुरात सांगितलं, मार्केटची. निम्म्यांचे वडील तिथेच कामाला. माहिती सांगायला कोण येणार? बाईंनी घरी आबांना विचारलं. “शाळंत? मी?” हौसेराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टोपीला इस्त्री करून दारात तयार.

ते आले, लहान बाकावर बसले आणि दीड तास बोलले. गोण्यांची थप्पी कशी लागते हे त्यांनी बारा कंपासपेट्या मांडून दाखवलं. खालचा थर उभा, वरचा आडवा, म्हणजे गोण्या एकमेकींना धरून राहतात. पाया चुकला की वीस थर सगळ्यांच्या अंगावर. मग त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. साखरेची गाडी आली होती, संध्याकाळपर्यंत थप्पी छपराला लावायची होती. टोळी बारा जणांची, हौसेराव सगळ्यात वर. शेवटची गोणी लावली, वर गार वाटलं, म्हणून जरा पाठ टेकली. खाली मुकादम हाका मारतोय, टोळी टपरीवर बघून आली, नळावर बघून आली, आणि हे वर साखरेवर घोरत पडलेले. “तासभर हुडकलं मला,” हौसेराव म्हणाले. “कुनी वर बघितलंच न्हाय.” मोनाली तेव्हा पहिल्यांदा वर्गात मोठ्याने हसली.

वर्गाने चार गट केले, प्रत्येक गटाला दोन पानं. थप्पीचं पान मोनालीच्या गटाकडे गेलं, कारण चित्र तिच्याइतकं चांगलं कोणाचंच येत नव्हतं. आठवडाभर पोरं बॉलपेन घेऊन त्या मोठ्या कार्डशीटवर वाकलेली होती. बाई इतर गटांच्या जोडाक्षरांत अडकलेल्या. हे पान त्यांनी हातात घेतलं ते तपासणीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटताना.

आणि त्यांचं धाबं दणाणलं. पान उलटं होतं.

म्हणजे चित्रं सुलटी होती, क्रम उलटा होता. पाच चौकटी एकावर एक. सगळ्यात खाली गोष्टीचं नाव, ‘थप्पी’, प्रत्येक अक्षर गोण्या रचून काढलेलं. त्यावर गाडीची चौकट, फुग्यात मुकादम म्हणतोय, ‘आज संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे.’ त्याच्या वर कमरेएवढी थप्पी, त्याच्या वर माणसापेक्षा उंच, त्याच्या वर टोळीची शोधाशोध, ‘टपरीवर नाही, नळावर नाही.’ आणि पानाच्या माथ्यावर, पत्र्याच्या खाली, टोपी तोंडावर घेऊन घोरणारे हौसेराव. वरून वाचायला लागलं तर पहिल्याच चौकटीत माणूस झोपलेला, आणि मग गाडी येते. चौकटी वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचायच्या, हे बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. यांना वाचनाचा क्रमसुद्धा कळत नाही असा शेरा मारायला साहेबांना एवढं पान पुरेसं होतं.

बॉलपेन खोडता येत नाही. घरी कात्री होती. पाच चौकटी कापायच्या, उलट्या क्रमाने चिकटवायच्या, अर्ध्या तासाचं काम. घरी येऊन बाईंनी चहा ठेवला, पान टेबलावर पसरलं आणि कात्री शोधायला आत गेल्या.

बाहेर आल्या तर आबा टेबलावर वाकलेले. त्यांचं जाडजूड बोट ‘थप्पी’वर होतं. बोट तिथून गाडीवर गेलं, गाडीवरून पहिल्या थरावर, मग वर, मग आणखी वर. बाई कात्री हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बोट माथ्यावरच्या चौकटीपाशी पोचलं आणि हौसेराव असे हसले, की त्यांना खोकला लागला.

“हा मीच की गं राजा. शेवटाला घावलो बघ.”

“आबा, तुम्ही खालून का बघितलं?”

“मग?” हौसेराव मुलीकडे बघत राहिले. “थप्पी काय वरनं लावत्यात व्हय?”

बाईंनी पान पुन्हा पाहिलं. खालून वर जाताना डोळे टोळीबरोबर शोधत होते, आणि शोधता शोधता वर चढत होते. झोपलेला माणूस अगदी शेवटी सापडत होता, जसा त्या दिवशी सापडला होता. पोरांनी क्रम चुकवला नव्हता, ठरवला होता. हे लक्षात आलं आणि बाईंना आपल्या पोरांचा असा अभिमान वाटला, की हातातली कात्री त्यांनी पुन्हा आत नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवली. भीती वाटत नव्हती असं नाही. चहा उतू गेला तेही त्यांना कळलं नाही.

“हितं काय लिवलंय?” आबांनी त्या गोण्यांच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं.

“थप्पी.”

“हां,” हौसेराव म्हणाले, आणि ती अक्षरं त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

दुसऱ्या दिवशी कुलथे साहेब आले. उंच, हळू बोलणारे, खिशाला दोन पेनं. त्यांनी त्या अकरा जणांना एकेक करून कोपऱ्यातल्या टेबलाशी बोलावलं आणि कधी न पाहिलेला उतारा वाचायला दिला. आठ पोरं न थांबता वाचून गेली. दोघं ठेचकाळत का होईना, पोचली. मोनालीचे ओठ हलले, बोट सरकलं, आणि आवाज पुन्हा घशात राहिला. साहेबांनी तिच्या नावापुढे काहीतरी खूण केली. मागे उभ्या असलेल्या मोकल सरांनी पँटच्या खिशातली चावी उगाच चाचपली.

“प्रगती आहे,” साहेब म्हणाले. “पण ती या कॉमिकमुळे आहे असं कशावरून? चित्र बघून मुलं अंदाजाने बोलतात. त्याला आपण वाचन म्हणत नाही, मॅडम.”

मग त्यांनी पोरांची पानं मागवली. पहिली सहा शांतपणे चाळली. सातवं थप्पीचं. साहेबांची नजर माथ्यावरून खाली उतरली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“हे काय? माणूस आधी झोपला, मग माल आला? शीर्षक तळाला? क्रमच समजलेला नाही यांना.”

बाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

“सर, खालनं वाचा.”

वर्गाने वळून बघितलं. मोनाली उभी होती, कान लाल झालेले.

“खालनं वाचा,” ती पुन्हा म्हणाली. “थप्पी वरनं न्हाय लागत.”

साहेबांनी पान हातात धरलं आणि खालून सुरुवात केली. गाडी, थर, आणखी थर, टपरी, नळ. मग ते माथ्याला पोचले आणि त्यांच्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं, जे त्यांनी लगेच खोकल्यात बदललं. पण पोरांनी बघितलं होतं.

साहेब तरी सहज सोडणारे नव्हते. ते फळ्याशी गेले, खडू घेतला आणि लिहिलं, ‘मुकादम थप्पीवर झोपला आणि हौसेराव त्याला शोधत राहिले.’ चित्र नाही, फुगा नाही. “हे वाच,” ते मोनालीला म्हणाले.

मोनालीने फळ्याकडे बघितलं. ओठ हलले. वर्गात पंख्याचा आवाज यायला लागला. बाईंनी टेबलाची कड धरली.

“मु-का-दम,” मोनाली म्हणाली. “मुकादम थप्पीवर झोपला आणि हौसेराव त्याला...” ती थांबली. बाईंना वाटलं, गेलं. मग पोरीने साहेबांकडे असं बघितलं, जसं चूक सापडली की बाई आकाशकडे बघायच्या.

“सर, चुकलंय तुमचं. मुकादम न्हाय झोपला. हौसेराव झोपला. मुकादम हुडकत होता.”

साहेबांनी मुद्दाम चूक केली की गडबडीत झाली, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. त्यांनी फळ्यावरचं वाक्य स्वतः पुसलं, टेबलाशी येऊन मोनालीच्या नावापुढची खूण खोडली आणि शेरेबुक मागितलं. मोकल सरांनी ते इतक्या लगबगीने पुढे केलं, की त्यातून तीन पावत्या खाली पडल्या. साहेब गेल्यावर सर बाईंना म्हणाले, “मी म्हनालोच व्हतो, चालवा.” बाईंनी ते मोठ्या मनाने ऐकून घेतलं.

संध्याकाळी शेऱ्याचा झेरॉक्स घेऊन बाई घरी आल्या. कधी एकदा वाचून दाखवते असं झालं होतं. आबा गॅलरीत बसले होते. बाईंनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. ‘इयत्ता पाचवी ब च्या विद्यार्थ्यांनी थप्पी ही चित्रकथा स्वतः लिहून वाचून दाखवली. हा तास चालू ठेवावा, इतर वर्गांतही सुरू करावा.’ एवढंच होतं, खाली सही.

बाईंनी वाचायला तोंड उघडलं, पण आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते कागदावर वाकले. बोट पहिल्या ओळीवरून हळूहळू निघालं, रांगेतल्या गोण्यांवरून मार्का शोधत जावं तसं, आणि मध्येच थबकलं.

“ही थप्पी,” हौसेराव म्हणाले.

बाईंनी वाकून बघितलं. साहेबांचं बारीक, तिरकं अक्षर, ना गोण्या, ना चित्र. बोट बरोबर त्या शब्दाखाली होतं.

राजलक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सव्वीस वर्षांत शेकड्यांनी पोरं वाचती केली, पण असं कधी झालं नव्हतं. त्यांनी नाक ओढलं आणि आवाज शक्य तितका वर्गातल्यासारखा करून विचारलं, “आणि आबा, त्याच्या पुढचा?”

हौसेरावांनी कागदाची नीट चौघडी केली आणि ती बंडीच्या खिशात घातली.

“उद्या,” ते म्हणाले. “पहिली गोनी लागली न्हवं? थर आता हळूहळू चढंल.”